गोफणीचा दगड आणि सोन्याचा वर्ख

लहानपणी निफाडकडच्या मळ्यात पाखरं हाकायला गोफण हातात मिळाली, की माझा दगड हमखास द्राक्षबागेच्या वरून जाण्याऐवजी बागेतच शिरायचा. शिव्या बसायच्या. बहुतेक दगड पानांतून सळसळत पलीकडे पडत. एखादा मात्र ‘टण्ण’ करून माघारी यायचा. मांडवाचा लोखंडी अँगल पानाआड दिसत नसे, पण तो तिथं आहे हे कळायचं.

अणूच्या पोटात काय आहे, हे असंच कळलं. 1904 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी मांडलेला अणू म्हणजे आपला शिरा: धन विद्युतभार रव्यासारखा सगळीकडे पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉनचे बेदाणे. अशा मऊ गोळ्यातून सेकंदाला 15 हजार किलोमीटरहून जास्त वेगानं जाणारा अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा, धन भाराचा बारीक कण) फार तर जरासा कलेल.

मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे कण धातूंवर सोडत होते. आधी अंधाऱ्या खोलीत बसून डोळे सरावू द्यायचे. मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे टक लावायची. कण आदळला की बारीकशी चमक उठते, ती मोजायची. एक, दोन, तीन... आपल्याला पाच मिनिटं मोबाइल न बघता बसवत नाही!

1909 मध्ये त्यांनी लिहिलं: प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारे 8000 कणांमागे एक उलटा फिरतो. (या प्रयोगाबद्दल सगळे सोन्याच्या वर्खाचीच गोष्ट सांगतात, पण हा आकडा प्लॅटिनमचा.) शिऱ्यावर आपटून कुणी माघारी येत नाही. एवढ्या जोराच्या कणाला एका धडकेत परतवायचं, तर अणूचा भार आणि बहुतेक वस्तुमान एका टिंबात कोंबलेलं हवं. किती लहान टिंब? सोन्याचं अणुकेंद्र बेदाण्याएवढं, एक सेंटिमीटरचं धरून रामकुंडाच्या काठावर ठेवलं, तर अणूची कड जवळपास 100 मीटरवर येईल. मध्ये फक्त इलेक्ट्रॉन.

हे गणित जुळवून छापायला रदरफर्ड यांना 1911 उजाडलं. गंमत म्हणजे मधला भार धन की ऋण, हे त्या लेखात त्यांनी ठरवलंच नाही. कण ढकलला गेला काय किंवा ओढला जाऊन वळसा घालून आला काय, विखुरण्याचं गणित तेच येतं. दगड माघारी आला, म्हणजे आत काहीतरी टणक आहे. अँगल आहे की दगडी खांब, हे त्या आवाजावरून सांगता येत नव्हतं.