‘गेल्या वर्षीपेक्षा जास्त’ आणि ‘सरासरीपेक्षा जास्त’

‘मार्च गेल्या वर्षीपेक्षा थंड’ आणि ‘मार्चमध्ये पारा सरासरीच्या वर’. एकाच ठिकाणाबद्दलच्या या दोन बातम्या एकाच दिवशी वाचल्या, तर बहुतेकांना वाटेल की दोघांपैकी एकाने घोळ घातलाय. पण दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. समजा त्या ठिकाणी मार्चचं सरासरी कमाल तापमान 31 अंश आहे. गेल्या वर्षी मार्च फारच तापला, 34 पर्यंत गेला. यंदा 32 आहे. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा 2 अंशांनी कमी आणि सरासरीपेक्षा 1 अंशाने जास्त.

आता याच उदाहरणात गेल्या वर्षीच्या 34 च्या जागी 29 ठेवून पाहा. यंदाचे 32 तसेच राहू द्या. लगेच मथळा होतो: ‘एका वर्षात तापमानात 3 अंशांची वाढ’. यंदाच्या हवेत काडीचाही बदल झालेला नाही, बदलला तो गेल्या वर्षीचा आकडा. गेल्या वर्षीशी केलेली तुलना यंदाबद्दल जेवढं सांगते तेवढंच गेल्या वर्षीबद्दलही सांगते. वाचणारा मात्र सगळा फरक यंदाच्या खात्यावर मांडतो. माझी या तुलनेविरुद्धची मुख्य तक्रार हीच आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही टोकं हलती आहेत. एखाद्या महिन्याचं तापमान दरवर्षी सरासरीच्या आजूबाजूला साधारण 1 अंशाने खालीवर होत असेल आणि एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नसेल, तर लागोपाठच्या दोन वर्षांमधला फरक साधारण 1.4 अंशांनी खालीवर होतो. सरासरीशी तुलना केली तर एकच टोक हलतं. तीस वर्षांच्या गोळाबेरजेतून आलेली सरासरी जवळजवळ जागची हलत नाही. म्हणून गेल्या वर्षीशी केलेल्या तुलनेत आकडे बऱ्याचदा जास्त सनसनाटी दिसतात. बातमीला ते सोयीचे वाटतात यात नवल नाही.

यातूनच दुसरी गंमत निघते. एखादं वर्ष कमालीचं गरम गेलं, की पुढचं वर्ष त्याहून कमी गरम निघण्याचीच शक्यता जास्त. हवा सुधारली म्हणून असं होत नाही. टोकाची वर्षं मुळातच विरळ असतात, त्यामुळे त्यांच्या पाठोपाठ तितकंच टोकाचं वर्ष सहसा येत नाही. 1997-98 च्या जबरदस्त एल निनोमुळे, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापल्यामुळे, 1998 साली जगाच्या सरासरी तापमानाने तोवरचा उच्चांक गाठला. 1999 त्या मानाने थंड गेलं, कारण तोवर ला निना, म्हणजे याच्या उलट तोच समुद्र गार पडण्याची स्थिती, आली होती. 1998 पासून मोजायला सुरुवात करून ‘तापमानवाढ थांबली’ असं म्हणणाऱ्यांची पुढे बरीच वर्षं चलती होती. मग 2014, 2015 आणि 2016 या तिन्ही वर्षांनी ओळीने उच्चांक मोडले, आणि तो वाद हळूहळू विरला.

उलट्या दिशेनेही हेच होतं. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याने वातावरणाच्या वरच्या थरात इतका गंधकयुक्त वायू सोडला, की त्यापासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि 1992 मध्ये जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने घसरलं. ते कण एक-दोन वर्षांत खाली बसले आणि तापमान पुन्हा चढलं. आता कुणी 1992 हा पाया धरून 1994 ची वाढ मोजली, तर त्या वाढीत तापमानवाढ किती आणि नुसती भरपाई किती हे वेगळं काढता येणार नाही.

सरासरीच्या बाजूलाही काही सगळं आलबेल नाही. मुळात ही सरासरी येते कुठून? जागतिक हवामान संघटनेच्या संकेताप्रमाणे सलग 30 वर्षांच्या नोंदींची. अशा प्रकारे ठरवलेला पहिला कालखंड 1901 ते 1930 होता. आधी तो 30 वर्षांनी बदलायचा, आता दर 10 वर्षांनी पुढे सरकतो. सध्या 1991 ते 2020 चालू आहे. तीस वर्षं घ्यायची, कारण एवढ्या काळात एल निनोची, ला निनाची, एखाद्या ज्वालामुखीची अशी सगळी वर्षं येऊन जातात आणि एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

पण पाया पुढे सरकतो याचा अर्थ तो तापलेल्या वर्षांवरून नव्याने घातला जातो. वीस वर्षांपूर्वी ‘सरासरीपेक्षा जास्त’ म्हणून नोंदलेला उन्हाळा आज तितकाच तापला तर कदाचित ‘सरासरीइतका’ म्हणून नोंदला जाईल. युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेने 2024 च्या जगाच्या सरासरी तापमानासाठी दिलेले आकडे यासाठी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 2023 च्या तुलनेत 0.12 अंश जास्त. 1991-2020 च्या सरासरीपेक्षा 0.72 अंश जास्त. औद्योगिक काळापूर्वीचा अंदाज म्हणून धरलेल्या 1850-1900 च्या पातळीपेक्षा 1.60 अंश जास्त. वर्ष एकच, मोजणारी संस्था एकच आणि आकडे तीन. शेवटच्या दोहोंतला 0.88 चा फरक म्हणजे आपल्या आजच्या ‘सरासरी’ने आधीच गिळलेली वाढ. अमेरिकेची नासा तर 1951 ते 1980 हा पाया वापरते, त्यामुळे तिचा आकडा आणखी वेगळा. दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत म्हणून गळा काढण्याआधी पाया कोणत्या सालांचा, एवढं बघितलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

सरासरीचा आणखी एक गैरसमज म्हणजे तीच ‘व्हायला हवी’ अशी स्थिती आहे हा. बरोब्बर सरासरीइतका ऋतू तसा क्वचितच येतो. बहुतेक वर्षं थोडी वर किंवा थोडी खाली असतात आणि ते अगदी नेहमीचं आहे. म्हणूनच अनेक हंगामी अंदाजांत आधीच्या वर्षांचे तीन सारखे भाग पाडलेले असतात: थंड तिसरा हिस्सा, मधला आणि उष्ण. यंदाचा ऋतू कोणत्या भागात पडेल, याची शक्यता किती, एवढंच सांगतात. मधल्या भागात पडलेलं वर्ष सरासरीपेक्षा अर्धा अंश वर असलं तरी त्यात काही विशेष नाही.

नुसत्या अंशांवर जाऊन चालत नाही, हेही यातच आलं. विषुववृत्ताजवळच्या बेटावर महिन्याचं तापमान वर्षानुवर्षं जेमतेम अर्ध्या अंशात फिरतं, तिथे 2 अंशांचा फरक म्हणजे खळबळ. सैबेरियाच्या जानेवारीत एखादं वर्ष सरासरीपेक्षा 5 अंशांनी इकडे-तिकडे गेलं तरी तिथली जुनी माणसं फार दखल घेणार नाहीत. त्या ठिकाणचा, त्या ऋतूचा नेहमीचा हेलकावा किती, हे कळल्याशिवाय ‘सरासरीपेक्षा 2 अंश जास्त’ हे वाक्य अर्धवटच राहतं.

टक्केवारीबद्दल तर बोलायलाच नको. ‘पाऊस सरासरीच्या 90 टक्के’ हे ठीक, कारण पावसाचं शून्य म्हणजे खरोखर शून्य. पण 20 वरून 22 अंश झाले म्हणून ‘तापमान 10 टक्क्यांनी वाढलं’ म्हणणं निरर्थक आहे. तीच वाढ फॅरेनहाइटमध्ये 68 वरून 71.6, म्हणजे सुमारे 5 टक्के होते, आणि केल्विनमध्ये 1 टक्काही भरत नाही.

ऋतू वर्षानुवर्षं जोखायचे तर त्यांच्या हद्दीही पक्क्या हव्यात. हवामानशास्त्रात उत्तर गोलार्धाचा हिवाळा म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. त्यामुळे एकाच हिवाळ्याला दोन सालं लागतात, आणि डिसेंबर बहुधा पुढच्या सालात मोजतात. 2024 चा डिसेंबर 2025 च्या हिवाळ्यात. हे लक्षात न घेता कुणी कॅलेंडर वर्षातला जानेवारी, फेब्रुवारी आणि त्याच वर्षाचा डिसेंबर एकत्र केला, की दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांचे तुकडे एका ताटात येतात.

मग बदल खरोखर होतोय की नाही, हे कोणती तुलना सांगते? दोन्हींपैकी एकही नाही, निदान एकेकटी तरी नाही. गेल्या काही दशकांत जगाचं तापमान साधारण दर दशकाला 0.2 अंशाने चढत आलंय. म्हणजे वर्षाला 0.02. एखादा मोठा एल निनो एका वर्षात 0.1 ते 0.2 अंशांची भर टाकतो आणि ला निना तेवढं ओढून खाली आणते. इतक्या हेलकाव्यात वर्षाचे 0.02 कुठे दिसणार? त्यासाठी बरीच वर्षं ओळीने मांडावी लागतात, आणि ती सगळी एकाच पायावरून मोजलेली असावी लागतात.

मध्य इंग्लंडची तापमान नोंद यासाठी मला फार आवडते, कारण ती 1659 पासून दर महिन्याची आहे. जगात इतकी लांब सलग नोंद दुसरी नाही. त्यात 1730 चं दशक बरंच उबदार गेलेलं दिसतं आणि लगेच 1740 हे साल साऱ्या नोंदीतलं सगळ्यात थंड. त्या काळी कुणी मागच्या दहा वर्षांवरून भाकीत केलं असतं तर तोंडघशी पडला असता. दुसऱ्या टोकाला 2022 ने तोवरचा उच्चांक गाठला आणि 2023 त्याहून किंचित थंड निघालं. ‘गेल्या वर्षीपेक्षा थंड’ हे अक्षरशः खरं, आणि तरीही ते तोवरच्या साडेतीनशेहून जास्त वर्षांत दुसरं सगळ्यात उष्ण साल.

एवढं सगळं म्हणूनही गेल्या वर्षीची तुलना निकालात काढावी असं मला वाटत नाही. काही ठिकाणी तीच हवी. धरणात याच तारखेला गेल्या वर्षी किती पाणी होतं हे विचारणं रास्त आहे, कारण त्या पाण्यावर वर्ष कसं निघालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जमिनीतली ओल आणि भूजल तर गेल्या वर्षीची उधारी यंदावर चढवतातच, त्यामुळे तिथे मागचं वर्ष हा हिशेबाचाच भाग असतो.

विजेच्या मागणीचंही तसंच. यंदा वापर का वाढला किंवा घटला हे शोधताना गेल्या वर्षीचीच आकडेवारी समोर घ्यावी लागते, कारण तीस वर्षांपूर्वी घरोघरी एसीसारखी गारव्याची उपकरणं नव्हतीच. तिथे नुसतं तापमान न घेता ‘डिग्री-डे’ मोजतात. एक तापमान ठरवायचं, बहुधा 18 अंश, आणि दिवसाची सरासरी त्याच्या वर जितकी जाईल तितके अंश जमा करायचे. सरासरी 25 असेल तर त्या दिवसाचे 7. असे 30 दिवस गेले तर महिन्याचे 210. गेल्या वर्षी याच महिन्यात रोजची सरासरी 27 होती असं धरलं तर 270. डिग्री-डे 60 ने घटले आणि तरीही गारव्यासाठी लागलेली वीज तेवढीच राहिली असेल, तर त्या वापराचं कारण हवेबाहेर कुठेतरी शोधायला हवं.