केजीच्या बोर्डवरची पिवळी बदकं आली कुठून?

केजीच्या वर्गाबाहेर बोर्डवर ओळीने बदकं चिकटवलेली असतात, सगळी पिवळी, सगळ्यांची चोच एकाच बाजूला, आणि त्यातली दोन-तीन तर इतकी सफाईदार कापलेली की ती आईने रात्री जागून केलीत हे कुणीही सांगेल. लोक म्हणतात हे आजकालच्या शाळांचं फॅड. तसं काही नाही हो, हे प्रकरण जर्मनीतून सुरू होतं आणि चांगलं दीडशे वर्षांहून जुनं आहे.

फ्रीड्रिश फ्रोबेलने 1837 मधे बाड ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 ला तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, आपली केजी ती हीच. तिथे लोकरीचे चेंडू नि लाकडी ठोकळे होतेच, पण त्याच्या पुढे हाताची कामं होती, कागदाच्या घड्या घालणं, रंगीत पट्ट्यांची चटई विणणं, सुईने कागदाला भोकं पाडून आकृती उठवणं, भिजवलेल्या वाटाण्यात काड्या खोचून घर करणं, मातीकाम. आपल्या बालवर्गातलं घडीकाम, पट्टीकाम बघा, बरंचसं तिथलंच आहे. चित्रसुद्धा चौकटी आखलेल्या पाटीवर काढायचं, आधी एका चौकटीएवढी उभी रेघ, मग दोन चौकटींएवढी, असं करत करत पुढे. थोडक्यात, मनाला येईल ते काढ असा मामला नव्हताच, सगळं पायरीपायरीने. प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या सरकारला मात्र एवढ्यातही नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा वास आला, 1851 ला त्यांनी बंदी घातली ती 1860 पर्यंत, आणि फ्रोबेल बिचारा 1852 लाच गेला. पण त्याच्या पाठीराख्यांनी पद्धत बाहेर देशांत नेली. पंडिता रमाबाई 1886 ला अमेरिकेत गेल्या तेव्हा फिलाडेल्फियाला त्यांनी ती मुद्दाम शिकून घेतली, आपल्याकडच्या मुलांसाठी उपयोगी पडेल म्हणून, विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, त्यानंतरची, 1889 ची.

दुसरं टोक व्हिएन्नाला. फ्रांट्स चिझेक नावाच्या चित्रकाराने 1897 ला मुलांचा चित्रवर्ग काढला आणि म्हणाला मुलांना शिकवू नका, त्यांना काढू द्या. 1920 ला लंडनमधे त्याच्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि शिक्षक मंडळी अवाक झाली. (सगळ्यांची चित्रं एकमेकांसारखीच कशी दिसतात अशी शंकाही लोकांनी काढली, आणि मला ती शंका रास्त वाटते, न शिकवता इतकं सारखं येत नाही.) माँटेसरीबाईंना तर हे मोकळं चित्र वगैरे फारसं मान्यच नव्हतं, आधी हात आणि डोळा तयार व्हायला हवा असं त्यांचं म्हणणं, म्हणून धातूच्या साच्याभोवती रेघ मारायची आणि आत बारीक रेघांनी भरत जायचं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आल्या त्या याच माँटेसरीच्या वाटेने, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून. 1926 ला नूतन बाल शिक्षण संघ, 1936 ला दादरचं शिशुविहार. पण माँटेसरीचं सामान महाग, ते शहरातल्या चार घरांच्या मुलांपुरतंच राहणार हे त्यांना दिसत होतं, म्हणून 1945 ला त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे विकतचं काही नाही. शिंपले, बिया, खडे, पानं, माती, जे त्या गावात पडलेलं असतं तेच साधन. मोजायला तेच आणि नक्षी मांडायलाही तेच! आणि मुलं येत नाहीत तर वर्गच पाड्यावर न्यायचा, कुणाच्या तरी अंगणात भरवायचा, अंगणवाडी ती हीच. वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर बायाच काढतात, म्हणजे चित्र ही वस्तू त्या पोरांना नवीन नव्हतीच. त्याच डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे पुढे जगभर गेले.

माझ्या मते फ्रोबेल बरोबर की चिझेक, या वादातून वाट निघते ती कोसबाडला. पट्ट्या कापून तयार दिल्या की बाईंच्या नमुन्यासारखंच होणार, नुसता कोरा कागद दिला तर अर्धी मुलं बावचळणार, पण ओंजळभर चिंचोके पुढे टाकले तर कुणी साप करतो, कुणी रांगोळी, आणि चुकलं तर मोडून परत मांडतो, चिकटवलेल्या बदकाला ती सोय नाही.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पण त्यात सहा सेवा, पूरक आहार, लसीकरण, तपासणी असं करत शाळापूर्व शिक्षण ही त्यातली एक, आणि ताईंचा दिवस वजनकाटा, आहार आणि रजिस्टर यातच जातो. शहरात इंग्रजी माध्यमाची केजी वाढत गेली तिथे उलटं, सामान भरपूर, तेलखडू, ग्लिटर, फोमशीट, आणि वर्षाच्या शेवटी पालकांना दाखवायला फाइल. फाइलमधे चिंचोक्यांचा साप लावता येत नाही, बदक लावता येतं.