बंद खोलीतून सुटायचे गेम आले कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं की एस्केप रूम आधी खऱ्या होत्या, म्हणजे मित्रांसोबत पैसे भरून कोंडून घ्यायचं वगैरे, आणि त्यावरून मग व्हिडिओ गेम निघाले. आहे नेमकं उलटं. जपानमध्ये ताकाओ कातोने क्योतोत पहिला रिअल एस्केप गेम भरवला तो २००७ मध्ये, आणि तोवर स्क्रीनवरच्या बंद खोल्या लोकांनी कधीच फोडून झाल्या होत्या.

मूळ शोधायचं तर पार टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरपर्यंत जावं लागतं. विल क्राउथर हा प्रोग्रामर, त्याला गुहा धुंडाळायचा नाद, त्याने १९७५-७६ च्या सुमारास 'अ‍ॅडव्हेंचर' लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. चित्र एकही नाही, सगळं वाचायचं आणि दोन शब्दांत कमांड टाइप करायची. त्यातला एक पक्षी फेमस आहे, पिंजरा आहे तुमच्याकडे पण पक्षी काही हाती लागत नाही, कारण काय तर हातातल्या काठीला तो घाबरतो, मग काठी खाली ठेवायची आणि मग पकडायचा. सोबत काय घ्यायचं एवढंच नाही तर काय टाकून द्यायचं हेपण कोडं असू शकतं हे तिथेच दिसलं.

पण माझ्या मते एस्केप गेमचा खरा आजोबा म्हणजे १९८१ चा 'झॉर्क २', हाही टेक्स्ट गेमच, त्यातल्या एका दारासाठी. दाराला कुलूप आणि पलीकडून किल्ली भोकातच अडकलेली. मग टेबलावरचं मॅट दाराखालच्या फटीतून आत सरकवायचं, पत्रं फोडायची सुरी भोकात घालून किल्ली ढकलायची, ती पलीकडे मॅटवर पडते, आणि मॅट ओढलं की किल्ली तुमच्याकडे. आजही निम्मे एस्केप गेम हेच करतात, दोन फालतू वस्तू आणि त्यांचा भलताच वापर. त्रास एकच, उत्तर डोक्यात आलं तरी गेमला कळेल असं क्रियापद सापडेपर्यंत टाइप करत बसायचं.

आणि हा त्रास पुढेही संपला नाही, फक्त जागा बदलत राहिला, कारण कोडं तुम्हाला कुठे अडवणार हे बरंचसं हातातल्या साधनावर ठरतं. कीबोर्ड होता तेव्हा शब्द अडवायचा. १९८७ च्या 'मेनियाक मॅन्शन'ने क्रियापदांची यादीच स्क्रीनवर दिली, माउसने क्लिक करा, विषय संपला. १९९३ ला 'मिस्ट' आला, मिलर बंधूंचा, त्यात मरायची भीती नाही, खिसे भरून सामान नाही, नुसती बंद पडलेली यंत्रं आणि ती कशी चालतात ते बघून बघून ओळखायचं. तो तुफान खपला. दुसऱ्या बाजूला १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३' मध्ये मांजराच्या केसांची खोटी मिशी चिकटवून ज्याला मिशीच नाही अशा माणसाचं सोंग घ्यायचं होतं, असलं लॉजिक बनवणाऱ्याशिवाय कुणाला सुचणार!

मग फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्येच गेम चालवणारं सॉफ्टवेअर. २००१ चा 'मिस्टरी ऑफ टाइम अँड स्पेस' आणि २००४ मध्ये तोशिमित्सु ताकागीचा 'क्रिम्झन रूम', ज्यात दारू जास्त झालेल्या माणसाला अनोळखी लाल खोलीत जाग येते आणि दार बंद, बास, एवढीच स्टोरी. एकच खोली का? मला वाटतं एकटा माणूस ब्राउझरमध्ये चालेल एवढीशी फाइल बनवणार तर चार भिंती आणि थोडं फर्निचर एवढंच परवडतं, आणि तीच मर्यादा या प्रकाराची ओळख झाली. त्यातून जगभर शेकड्याने तसलेच गेम निघाले, पोलंडच्या माटेउश स्कुटनिकची २००५ पासूनची 'सबमशीन' मालिका त्यातली मला सगळ्यात आवडती. इथला त्रास मात्र माउसचा, पलंगाच्या कडेला कुठेतरी दोन पिक्सेलची जागा असते, ती क्लिक झाली नाही की डोकं कितीही चालवा, गाडी पुढे सरकत नाही.

टचस्क्रीन आल्यावर २०१२ ला फायरप्रूफ गेम्सने 'द रूम' काढला, त्यात खोलीपेक्षा पेटी महत्त्वाची, बोटाने किल्ली फिरवायची, कप्पे सरकवायचे, आणि एक भिंग डोळ्याला लावलं की एरवी न दिसणारी चिन्हं दिसतात. २०१७ च्या 'वी वेअर हिअर' मध्ये दोघं वेगवेगळ्या खोल्यांत आणि मध्ये फक्त वॉकीटॉकी. एकाला चिन्हं दिसतात, त्यांचा अर्थ दुसऱ्याकडे, त्यामुळे आता अडतं ते नीट सांगता न आल्यामुळे (यात मैत्री टिकली तर नशीब). २०२१ च्या 'एस्केप सिम्युलेटर' मध्ये तर खोली बनवायचा एडिटरच दिलाय आणि खेळणाऱ्यांनी त्यात खोल्यांचा नुसता ढीग घातलाय.

फ्लॅशचा सपोर्ट अडोबीने २०२० च्या शेवटी बंद केला, पण 'फ्लॅशपॉइंट' सारख्या प्रकल्पांनी जुने गेम जपून ठेवलेत आणि 'रफल' हा इम्युलेटर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्यातले बरेचसे ब्राउझरमध्येच चालवतो, त्यामुळे त्या काळातलं बरंच काही अजून खेळता येतं.