स्वमग्नता, पोटाचे विकार आणि दूध-गव्हाचा वाद : पार्श्वभूमी

मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे असं कळलं की कोल्हापुरातल्या पालकांच्या कानावर लवकरच एक सल्ला येतो, दूध आणि गहू बंद करा. तो कुठून आला आणि कितपत खरा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1943 साली अमेरिकेत 11 मुलांवरून स्वमग्नतेचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या खाण्याच्या तक्रारी अगदी तान्हेपणापासूनच्या होत्या. ही नोंद पुढची कित्येक वर्षं अडगळीत पडली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एक तर्क मांडला गेला, की दूध-गव्हातली प्रथिनं अर्धवट पचतात आणि त्यांचे अफूसारखे अंश मेंदूवर परिणाम करतात. तो सिद्ध झाला नाही, पण आहारबंदी त्याच्याच आधारावर रुजली.

1998 साली ब्रिटनमध्ये 12 मुलांवरचा एक लेख छापून आला. त्यात आतड्याची सूज, स्वमग्नता आणि गोवराची लस यांची सांगड घातली होती. 2010 मध्ये तो मागे घेतला गेला आणि मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला. लसीबद्दलची भीती सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठं वाटणारं नुकसान वेगळं आहे. या बदनामीनंतर स्वमग्न मुलाच्या पोटाकडे गांभीर्याने पाहणंच संशयास्पद ठरू लागलं. पोटामुळे स्वमग्नता येते की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण झालं आणि या मुलाचं पोट आत्ता दुखतंय का, हे विचारायचं राहून गेलं.

पोट खरोखर दुखत असतं. 2014 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या चौपटीहून अधिक आढळल्या. त्याआधी 2010 मध्ये तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट सांगितलं होतं, की अचानक वाढलेली चिडचिड, रात्रीचं जागणं, स्वतःला मारून घेणं यामागे पोटदुखी असू शकते आणि तिची तपासणी इतर कुठल्याही मुलाइतकीच नीट व्हायला हवी. सरसकट आहारबंदीला पुरेसा आधार नाही, हेही त्याच गटाने नोंदवलं. 2013 च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी तर स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार देऊच नये, असं म्हटलं.

तरी आहार टिकून आहे आणि पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दूध थांबवल्यावर काही मुलं खरंच शांत झोपतात. पण दुधातली साखर न पचणं आपल्याकडे मुळातच सर्रास आढळतं. गॅस आणि मुरडा थांबला की कुठलंही मूल शांत होईल. त्यावरून स्वमग्नता कमी झाली असं ठरत नाही.

कोल्हापुरात हा निर्णय अधिकच अवघड होतो. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा कट्टा भरतो, तालमीतल्या पोरांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना इथं दूध लागतं. ते तोडलं तर कॅल्शियम कुठून आणायचं याचं उत्तर आधी हवं. दुधाशिवायच्या आहारावर असलेल्या स्वमग्न मुलांची हाडं पातळ असल्याचं अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. गव्हाचं त्या मानाने सोपं वाटतं, कारण ज्वारीची आणि नाचणीची भाकरी घरात असतेच. पण मूल ठरावीक बिस्किटं आणि पाव यांवरच जगत असेल तर तेही काढून घेतल्यावर ते उपाशी राहतं. शिवाय गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. महिनोन्‌महिने गहू बंद ठेवून नंतर तपासलं तर निकालावर भरवसा राहत नाही.

स्वमग्नतेसोबत बौद्धिक अक्षमताही असलेल्या प्रौढांचा विषय या गदारोळात मागेच राहिला. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात स्वमग्नता नव्हती, ती 2016 च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत आली. 2013 पासूनची सरकारी बालतपासणी योजना 18 वर्षांपर्यंतच आहे. त्यानंतर मुलाचा कोठा जड आहे की नाही हे फक्त आईला माहीत असतं आणि मुलगा संडासचं दार लावून एकटा जाऊ लागला की तिलाही कळत नाही. वागणूक आटोक्यात ठेवायला दिलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होऊ शकते. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूंची पद्धतशीर छाननी सुरू झाल्यावर निव्वळ बद्धकोष्ठतेतून ओढवलेले, टाळता आले असते असे मृत्यू समोर आले. 2023 मध्ये तिथं यासाठी खास मोहीम काढावी लागली.

सर्वांत जास्त फसगत होते ती कपडे खराब होऊ लागल्यावर. आत घट्ट मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरच्यांना जुलाब वाटतात आणि ते थांबवायची गोळी दिली जाते. त्यामुळे आतला मळ आणखी घट्ट होतो. म्हणून शौचाच्या तारखा वहीत लिहिणं, चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवणं आणि पोट हाताने तपासून घेणं गरजेचं आहे. पोट फुगून ताठ झालं आणि उलट्या सुरू झाल्या, तर एरंडेल देऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.