खिशातला चाकू जाड कसा झाला

कच्चं गाजर चाकूखाली कापलं जातंय की फुटतंय, हे डोळे मिटूनही कळतं. पातं जाड असेल तर ते अर्ध्यावर पोचताच ‘कट्’ असा आवाज येतो आणि उरलेलं गाजर आपणहून दुभंगतं. गेल्या वर्षी मी घेतलेला मिटणारा चाकू असाच गाजरं फोडतो. दुकानदाराने पोलादाचं नाव सांगितलं, लॉक चारदा उघडून-मिटून दाखवलं, मूठ काउंटरवर ठोकून दाखवली आणि मी भुललो. पातं किती पातळ आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गिरगावातल्या घरी आजोबांच्या खणात पडलेला, पेन्सिलींना टोक काढायचा चाकू मात्र त्याच गाजराच्या आरपार दिसतील अशा चकत्या काढतो. नवा, महाग चाकू जुन्यापेक्षा वाईट का कापतो, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

मिटणारा चाकू ही कल्पना फार जुनी. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथे हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला, तो इसवी सनापूर्वी 600 ते 500 या काळातला मानतात. रोमन लोकांकडेही असे चाकू होते. हे सगळे नुसत्या खिळ्याच्या घट्टपणावर उभे राहत. पात्याला पाठीमागून दाबून धरणारी स्प्रिंग सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी रुळवली आणि खिशातला चाकू घरोघरी जाण्याइतका भरवशाचा झाला.

आपल्याकडे घरातलं कापणं विळीवर व्हायचं, फार तर सुरीने. चाकू हा शब्द फारसीतून आला आणि त्याची जागा स्वयंपाकघरापेक्षा बैठकीत जास्त होती. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू सतत तासावा लागे. टोक तिरकं छाटायचं, मग मधोमध बारीक चीर द्यायची. जाड पात्याने हे जमतच नाही, बोरू चिरफळतो. या कामाच्या चाकूला फारसीत नावच ‘कलमतराश’. इंग्रजीतल्या ‘पेननाइफ’चा जन्मही हंसाच्या पिसाची लेखणी तासण्यातूनच झाला. म्हणजे खिशातल्या चाकूची पहिली परीक्षा पातळ कापण्याची होती. पुढे टाक आले, पेन्सिली आल्या. चाकू खणात राहिला आणि पेन्सिलीच्या जोडीला प्रवासात फळं कापू लागला.

आज आपल्याला ओळखीचे असलेले चाकू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत घडले. कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि 12 जून 1897 रोजी अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. व्हिक्टोरिनॉक्स या नावातली व्हिक्टोरिया म्हणजे त्यांची आई आणि ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारं पोलाद. तिकडे फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 च्या सुमारास लाकडी मुठीचा अगदी साधा चाकू केला. 1897 मध्ये त्याची 1 ते 12 क्रमांकांची मापं ठरली. जपानमधल्या मिकी गावात याच दशकात ‘हिगोनोकामी’ आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा, बस्स. जपानी शाळकरी मुलांनी कित्येक वर्षं त्याने पेन्सिलींना टोकं काढली.

या तिघांत दिसायला काही साम्य नाही, पण तिघांचीही पाती पातळ. गिऱ्हाईक शेतकरी, सैनिक, शाळकरी पोर. कामं म्हणजे पाव, चीज, सफरचंद, दोरी, पेन्सिल. त्यांना दार उचकटायचं नव्हतं.

पातं जाड झालं ते बऱ्याच अंशी लॉकमुळे, असं माझं मत आहे. काम करताना चाकू बोटांवर मिटू नये, ही मागणी रास्तच. ओपिनेलने 1955 मध्ये तिच्यावर फार हुशार तोड काढली: मुठीच्या तोंडाशी फिरणारी लोखंडी कडी. ती बाहेरून अडवते, त्यामुळे पात्याला जाड व्हावं लागलं नाही. अमेरिकेत 1964 मध्ये बक कंपनीचा 110 हा पाठीवर लॉक असलेला शिकाऱ्यांचा चाकू आला. 1980 च्या दशकात मायकेल वॉकर यांनी लायनर लॉक आजच्या रूपात आणलं. त्यात मुठीच्या आतली पोलादी पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. टेकायला रुंद जागा हवी, म्हणजे बूड जाड हवं. आता बूड जाड ठेवून पुढे धारेकडे पातं पातळ उतरवता येतं, आणि चांगले कारागीर ते करतातच. पण त्याला घासकाम जास्त लागतं. शिवाय नंतरच्या काळात ‘टॅक्टिकल’, म्हणजे लढाऊ थाटाच्या चाकूंची हवा आली, तेव्हा जाडी हाच गुण म्हणून विकला जाऊ लागला. तीन-चार मिलिमीटरचं पातं, अर्ध्या उंचीपर्यंत सपाट, मग एकदम उतार. पाचर म्हणून उत्तम.

1981 मध्ये स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने पात्याला गोल भोक पाडलं आणि मुठीला क्लिप लावली. एका हाताने उघडायचा, खिशाला अडकवायचा चाकू हे रूप तिथून पसरलं. त्यांची बरीच पाती मात्र पाठीपासून धारेपर्यंत सलग उतरतात.

मुंबईत या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे खटक्याचा चाकू. रामपूरच्या कारागिरांचा हा चाकू, नऊ-दहा इंची पात्याचा, साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी सिनेमात खलनायकाच्या हातात इतका चमकला, की मिटणारा चाकू म्हणजे हत्यार हे समीकरण पक्कं झालं. रामपूरने 2023 मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभारून त्याचा गौरव केला. पण माझ्या आईला खिशातला चाकू दाखवला तर तिचा पहिला प्रश्न आजही ‘कशाला हवाय?’ हाच असतो.

प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, त्यातून घरगुती आणि शेतीची अवजारं वगळली आहेत. म्हणजे तीन इंची फळं कापायचा चाकू तिथे बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त मनाईचे आदेश काढू शकतात, मुंबईत ते वेळोवेळी निघतात आणि त्या कलमात सुऱ्यांचा उल्लेख आहे. विमानात तर केबिनच्या सामानात चाकू चालतच नाही. माझा घरी असतो, आणि सहलीला जेवणाच्या डब्याच्या पिशवीत.

पण मग निवडताना पाहायचं काय? पोलादाचं नाव सर्वांत शेवटी. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी स्टेनलेस पोलाद केलं, त्यानंतर शंभर जाती निघाल्या. पण पोलाद धार किती टिकेल ते ठरवतं. पातं फळात किती सहज शिरेल, ते आकार ठरवतो. पातं समोरून, टोकाच्या बाजूने पाहावं. पाठीपासून धारेपर्यंत उतार सलग आहे का? धारेच्या लगेच मागे जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर गाजर कापलं जाईल, पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेली की फुटू लागेल. धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून तीस अंशांच्या आसपास असला तर स्वयंपाकघरातल्या कामाला छान. लाकूड तासायचं असेल तर थोडा जास्त.

नुसत्या धारेलाच वर्षानुवर्षं घासत राहिलं तर धार हळूहळू वर, जाड भागात सरकते. चाकू तीक्ष्ण असूनही कापेनासा होतो, तो यामुळे. अधूनमधून धारेमागचा भागही दगडावर उतरवावा लागतो. विजेच्या चाकावर धार लावून घेतली आणि कड निळसर दिसली, तर समजावं की पोलाद तापून मऊ पडलं. दगड, पाणी आणि अर्धा तास यांना पर्याय मला तरी सापडलेला नाही.

शेवटी मी ओपिनेलचा 8 क्रमांक घेतला, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, साध्या कार्बन पोलादाचा. पहिल्याच कैरीने पातं काळवंडलं आणि फोडींना लोखंडाची चव आली. मुंबईच्या हवेत स्टेनलेसवाला घ्यायला हवा होता. जुलैत बीच या झाडाच्या लाकडाची मूठ फुगली आणि पातं आत अडकून बसलं, नखाच्या खाचेला धरून ओढलं तरी हलेना. साव्हुआच्या लोकांकडे यावर जुनी युक्ती आहे: कडी सैल करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं, पातं थोडं वर येतं. चौथ्या ठोक्याला आलं.