चादरीला किती पिक्सेल लागतात?

'माणसाचा डोळा ५७६ मेगापिक्सेलचा असतो' हा निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे (पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका, मेगापिक्सेल म्हणजे असे दहा लाख). आता त्याला शेपूटही फुटले आहे: म्हणून टीव्ही घ्यायचा तर ८केच (फुल एचडीच्या सोळापट पिक्सेलचा) घ्या!

या आकड्यामागचा हिशेब असा. उभे-आडवे १२० अंशांचे दृश्य धरायचे, दर ०.३ कलेला एक ठिपका मांडायचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). २४,००० गुणिले २४,००० म्हणजे ५७.६ कोटी. गुणाकार बरोबर, पण डोळा असा नसतो. बारीक दिसते ते नजरेच्या मध्यावरच्या एक-दोन अंशांत. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहा, साधारण तेवढ्याच भागात. बाकीचे चित्र डोळा फिरवून मेंदू जुळवत नेतो.

निरोगी डोळ्याला साधारण एका कलेच्या अंतरावरच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात. ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन मीटरच्या पुढे बसलात की तोही दिसेनासा होतो. ८केचे पिक्सेल सुटे दिसायला पडद्यापासून अर्ध्या मीटरवर यावे लागेल. सोलापूरच्या नवी पेठेत टीव्ही घ्यायला जाल तेव्हा घरच्या सोफ्याइतके मागे सरकून बघा, बरेच पैसे वाचतील.

पण सोलापुरात राहून दाट पिक्सेलचे पडदे सरसकट निकालात काढता येत नाहीत. इथली जॅकार्ड चादर (विणतानाच नक्षी उठवलेली) मुळात पिक्सेलचीच. डिझायनर ग्राफ पेपरवर मोर भरतो तेव्हा एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. चौकोन भरला तर ताणा वर, नाही तर खाली. हे काम आता कॉम्प्युटरवर होते, आणि गंमत तिथेच आहे.

२० काउंटचा (काउंट हे धाग्याच्या बारीकपणाचे माप) सुती धागा सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा, धाग्यापेक्षा जाड! समजा कापडात इंचाला ९० धागे आहेत आणि पडद्यावर इंचाला ९२ पिक्सेल. कापड खऱ्या मापात दाखवले, तर पहिला पिक्सेल धाग्याच्या मधोमध पडतो आणि उजळ दिसतो. पुढचा किंचित सरकतो, त्यापुढचा आणखी थोडा. चोविसावा पिक्सेल दोन धाग्यांमधल्या फटीत पडतो, तिथे काळोख. सत्तेचाळिसाव्याला पुन्हा धागा. म्हणजे दर अर्ध्या इंचाला एक उजळ-काळा पट्टा, जो कापडात नाहीच. याला म्वारे म्हणतात. दोन कंगवे एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले की दिसतो तोच प्रकार. सॉफ्टवेअर रंगांची सरासरी काढून पट्टे घालवते, पण त्याबरोबर धागेही जातात आणि उरतो सपाट रंग. गोष्ट साधी आहे: एक धागा आणि एक फट मिळून किमान दोन पिक्सेल हवेत, त्याहून जास्त असतील तर उत्तम.

झूम केले की धागा दिसतो, पण मग मोराचा नुसता डोळाच पडद्यावर उरतो. इंचाला ३०० पिक्सेल धरून ६० बाय ९० इंचांची अख्खी चादर खऱ्या मापात दाखवायची तर १८,००० गुणिले २७,०००, म्हणजे ४८.६ कोटी पिक्सेल हवेत. ८केचे जवळपास पंधरा पडदे. हा आकडा ५७६ मेगापिक्सेलच्या जवळ गेला म्हणून निरोपवाल्यांनी खूश होऊ नये. इथे माणूस वाकून, चादरीवर नजर फिरवत, जवळून बघणार आहे. दिवाणखान्यात असे कोणी टीव्ही बघत नाही. शिवाय रंगाचा प्रश्न दाटीने सुटत नाही. पडदा स्वतः उजळतो, चादर मात्र ट्यूबलाइटखाली वेगळी आणि उन्हात वेगळी दिसते. नमुना विणून पाहावा लागेलच.

डोळ्यांना लावायच्या व्हीआर (आभासी जग दाखवणाऱ्या) चष्म्यात दाटी खरोखरच लागते. तिथे पडदा भिंगामागे असतो. १०० अंशांच्या दृश्यात अंशाला ६० पिक्सेल हवेत, म्हणजे एका डोळ्याला आडवे ६,०००. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) तपासणारे डॉक्टर ५ मेगापिक्सेलचे खास मॉनिटर वापरतात, कारण कॅल्शियमचे बारीक कण सुटून चालत नाहीत.

पिक्सेलची खरी भूक होलोग्रामची, म्हणजे प्रकाश वळवून खोलीसह उभ्या केलेल्या चित्राची. प्रकाश तीस अंशांत वळवायचा तर पिक्सेल हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा, सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा हवा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या चादरीच्या मापाचा तसा पडदा केला तर त्यात सुमारे १४ लाख कोटी पिक्सेल होतील, आणि चित्र हलते ठेवायचे तर प्रत्येकाला सेकंदाला निदान तीस वेळा नवी आज्ञा द्यावी लागेल.