उड्डाणानंतरचं पहिलं मिनिट आणि आपला कान

विमान धावपट्टी सोडून वर चढतं आणि मिनिटभरातच इंजिनांचा आवाज एकाएकी उतरतो. पोटात खड्डा पडतो. विमान खाली चाललंय, असं अगदी खात्रीने वाटतं. विमानाची धास्ती असलेल्या अनेकांना हाच क्षण सगळ्यात जड जातो.

जमिनीपासून साधारण 1000 ते 1500 फुटांवर वैमानिक इंजिनांचा जोर ठरल्याप्रमाणे कमी करतात. उड्डाणाइतकी ताकद पुढच्या चढाईला लागत नाही आणि इंजिनांची झीजही वाचते. मग वेग वाढवण्यासाठी विमानाचं नाक जरासं खाली घेतलं जातं. या सगळ्या वेळात विमान वरच चढत असतं.

मग शरीर उलटं का सांगतं? आपल्या अंतर्कर्णात एका मऊ पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांना वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. शिवाय वेग बदललाय की डोकं कललंय, यातला फरकही त्यांना ओळखता येत नाही. त्यामुळे जोर ओसरला की मेंदू त्याचा अर्थ 'पुढे कलतोय, पडतोय' असा लावतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. रात्री किंवा पावसाळी ढगांत तेही जमत नाही. असा भास वैमानिकांनाही होतो. म्हणूनच ढगांत शरीरावर नव्हे, उपकरणांवर विसंबायचं, हे त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं.

12 जून 2025 रोजी अहमदाबादला उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत विमान कोसळलं आणि 260 जणांचा जीव गेला. ती दृश्यं मनात ताजी असणाऱ्याला 'रस्त्यावर जास्त माणसं मरतात' असं सांगून धीर येत नाही. आकडा खराच आहे, 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक मृत्यू झाले; पण घाबरलेला मेंदू टक्केवारी पाहत नाही, डोळ्यांपुढे चटकन येणारं चित्र पाहतो. म्हणून मला वाटतं, आकड्यांपेक्षा आपलं शरीर ओळखणं जास्त कामाला येतं.

श्वासाचंच पाहा. भीतीने श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते. 'मला काहीतरी होतंय' असं वाटून श्वास आणखी वाढतो. इथे खोल श्वास घेऊन फारसं साधत नाही. श्वास सोडणं लांबवावं. चार आकडे मोजत घ्यावा, सहा-सात मोजत सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात.

हवेतल्या हिसक्यांचंही तसंच. विमान शेकडो फूट कोसळल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते काही फूटच हललेलं असतं. प्रवासात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार विमानाच्या सांगाड्याने किमान तीन सेकंद पेलला पाहिजे, असा नियम आहे. खरा धोका पट्टा न बांधलेल्यांना असतो, म्हणून बसल्यावर तो सोडूच नये. पंखांजवळच्या जागेवर हिसके कमी जाणवतात. विमानात शिरतानाच हवाई सेविकेला 'मला भीती वाटते' असं सांगून ठेवावं. त्यात संकोच कशाला?

भीतीपायी तिकीटच रद्द होत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. प्रवास टाळला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच भीती आणखी पक्की होते. उपचारात ती पायरीपायरीने समोर आणली जाते: आधी इंजिनांचे आवाज ऐकायचे, मग विमानतळावर जायचं, मग एखादा छोटा प्रवास.